कच्चं काम लपवणारी मुलं: डिझाइनच्या वर्गात स्पर्धा नेमकं काय करते

परवा दुपारी स्टुडिओत चक्कर मारत होते. दुसऱ्या वर्षाचं पॅकेजिंगचं असाइनमेंट चालू आहे, कोकम सरबताची बाटली आणि तिचं लेबल. एक मुलगी लॅपटॉपवर अगदी मान खाली घालून काम करत होती, मागच्या टेबलावरचा मुलगा चार्जर मागायला तिच्याजवळ आला तसं तिने पटकन फाइल मिनिमाइझ केली, चार्जर दिला, तो गेला, मग फाइल परत उघडली. दोन सेकंदांचा मामला. मी विचारलं, "काय गं, लपवलंस का?" तर म्हणाली, "मॅम, या वेळी बेस्ट लेबलला ते कंपनीवाले बक्षीस देणार आहेत ना. आणि अजून नीट झालंच नाहीये."

आता या एका उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत बघा. एक म्हणजे माझी आयडिया कोणी ढापेल ही भीती. दुसरी म्हणजे माझं कच्चं काम कोणी बघेल ही लाज. पहिलीबद्दल सगळे बोलतात. मला जास्त काळजी दुसरीची वाटते, आणि आज त्याबद्दलच सविस्तर लिहायचंय, कारण ॲडमिशनच्या दिवसांत पालक हमखास विचारतात की तुमच्याकडे स्पर्धा किती होतात, पोरांना बक्षिसं किती मिळतात, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

आधी हे समजून घेऊ की डिझाइन शिकायचं म्हणजे काय. गणितात उत्तर पुस्तकाच्या मागे असतं, आपण बरोबर की चूक हे एकट्याने बसून तपासता येतं. लेबलचं, खुर्चीचं, पोस्टरचं, ॲपच्या स्क्रीनचं उत्तर कुठेच छापलेलं नसतं. तुम्ही काहीतरी काढता, ते समोर आलं की तुमचं तुम्हालाच कळतं की अरे, इथे अडचण वेगळीच आहे, मग पुन्हा काढता, मग दुसरं कोणी येऊन म्हणतं की हे मला दवाईच्या बाटलीसारखं वाटतंय, आणि तुमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो कारण इतके दिवस ते बघून बघून तुम्हाला तसं दिसणंच बंद झालेलं असतं. म्हणून तर आमच्याकडे पिन-अप असतो, सगळ्यांनी आपापलं काम भिंतीवर टाचायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं बघायचं. खरं सांगते, मुलं माझ्याकडून शिकतात त्याहून जास्त त्या भिंतीवर शेजारी लागलेल्या शीटकडून शिकतात. त्यामुळे माझं म्हणणं असं आहे की स्पर्धा पूर्ण झालेल्या कामाला धार लावते पण कच्चं काम लपवायला शिकवते, आणि डिझाइनचं शिक्षण बरंचसं कच्च्या कामातच होतं.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही, यावर बरंच संशोधन झालंय. टेरेसा अमाबिले नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, सर्जनशीलता हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. १९८२ साली त्यांचा एक छोटासा प्रयोग छापून आला. सात ते अकरा वर्षांच्या मुलींच्या पार्ट्या ठेवल्या, सगळ्यांना कागद आणि गोंद दिला आणि सांगितलं कोलाज करा. एका गटाला सांगितलं की ज्यांचं कोलाज चांगलं होईल त्यांना बक्षीस, दुसऱ्या गटाला सांगितलं की बक्षिसं आहेत पण ती लॉटरीने निघतील. साहित्य तेच, वेळ तोच, बक्षिसाचं आमिष दोन्हीकडे होतंच, फरक फक्त इतकाच की एकीकडे दुसरीला हरवून ते मिळणार होतं. मग ही सगळी कोलाजं कलाकारांकडून तपासून घेतली, प्रत्येकाने स्वतंत्रपणे मार्क द्यायचे, आपसात चर्चा नाही. स्पर्धेवाल्या मुलींची कोलाजं कमी कल्पक ठरली.

प्रयोग लहान होता, जेमतेम बावीसेक मुली, त्यामुळे त्यावरून जगाचा नियम मांडू नये. पण कारण काय असेल ते स्टुडिओत रोज दिसतं. जिंकायचं डोक्यात आलं की मन दोन ठिकाणी वाटलं जातं, अर्धं कामात आणि अर्धं परीक्षकाच्या चेहऱ्याकडे, आणि मग माणूस नाकासमोर चालायला लागतो. जे मागच्या वर्षी जिंकलं होतं त्याच्या आसपासचं काहीतरी करायचं. पिंटरेस्टवर ज्याला जास्त सेव्ह आहेत तसं करायचं. वेडंवाकडं काही करून बघायला वेळ 'वाया' का घालवायचा. पण त्या वेड्यावाकड्यातूनच तर नवीन काहीतरी सापडतं ना.

त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं अशीच मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं. काहींना न सांगता शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच नाही. थोड्या दिवसांनी वर्गात तेच स्केचपेन पुन्हा ठेवले आणि लपून बघितलं की कोण आपणहून काढतंय. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक सर्टिफिकेट मिळालेल्यांचा उत्साह मात्र कायम होता. म्हणजे कौतुकाने बिघडत नाही, कौतुकासाठी काम करायला लावलं की बिघडतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे घरात चित्र काढणारं पोरगं दिसलं की दुसऱ्या दिवशी आपण त्याला रंगभरण स्पर्धेत बसवतो.

आणि एक, तो मार्कांबद्दल आहे, शिक्षक मंडळींनी तरी वाचावा. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास. काही मुलांना कामावर फक्त लेखी शेरा दिला, काहींना फक्त मार्क, काहींना दोन्ही. शेरेवाल्या मुलांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. मार्कवाल्यांचं तसं झालं नाही. आणि ज्यांना दोन्ही दिलं ती मुलंही मार्कवाल्यांसारखीच निघाली, शेऱ्याचा उपयोगच झाला नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं शीटच्या मागे भरभरून लिहायचे आणि खाली कोपऱ्यात १८/२५ टाकायचे. मुलं शीट उलटी करायची, आकडा बघायची आणि "तुला किती?" म्हणत शेजारी वळायची. माझं ते लिहिलेलं कोणी वाचत होतं का, कोण जाणे. आता शेरा आज देते आणि मार्क आठवड्याने. एवढ्या साध्या गोष्टीने पण फरक पडतो, मुलं शेऱ्यावर प्रश्न विचारायला येतात.

इतकं वाचून कोणाला वाटेल की ही बाई स्पर्धेच्या विरोधात आहे. तसं नाही. स्पर्धेने कामं चांगली होतात हेही मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्यावरही अभ्यास आहेत. कोउ मुरायामा आणि अँड्र्यू एलियट यांनी २०१२ मध्ये स्पर्धा आणि कामगिरी यावरचे आधीचे ढीगभर अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, तर सरासरी परिणाम निघाला जवळजवळ शून्य. पण तो शून्य म्हणजे काहीच होत नाही असा नाही. स्पर्धेमुळे माणसात दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी जाग्या होतात, एक 'मला इतरांपेक्षा चांगलं करायचंय' आणि दुसरी 'मी इतरांपेक्षा वाईट दिसता कामा नये'. पहिलीने काम वर जातं, दुसरीने खाली, आणि बेरीज केली की एकमेकांना खाऊन टाकतात. वर्गात हे अगदी स्पष्ट दिसतं. पहिल्या पाचातली पोरं स्पर्धा जाहीर झाली की खुलतात. आणि शेवटच्या टेबलावर बसणारी, जी कदाचित मराठी मीडियममधून आलीत, ज्यांनी फोटोशॉप पहिल्यांदा कॉलेजातच बघितलं, ती गप्प होतात आणि काठावर निभावेल इतकंच करतात. स्पर्धा एकच, वर्गही एकच.

डॅनियल ग्रॉस या अर्थशास्त्रज्ञाचा अभ्यास तर थेट आमच्या धंद्यातला आहे. इंटरनेटवर लोगोच्या स्पर्धा चालतात, क्लायंट ब्रीफ टाकतो, म्हणजे काय हवंय ते सांगतो, डिझायनर लोक एन्ट्री टाकतात, क्लायंट स्टार देत जातो, शेवटी एकाला पैसे. ग्रॉसने अशा स्पर्धांमधले लोगो घेऊन कॉम्प्युटरने तपासलं की प्रत्येक डिझायनरची पुढची एन्ट्री त्याच्याच आधीच्या एन्ट्रीशी किती मिळतीजुळती आहे. ज्याला पाच स्टार मिळाले आणि समोर तसा कोणी तगडा नाही, तो आपलाच लोगो थोडा इकडेतिकडे करून पुन्हा टाकत बसतो. समोर तोडीस तोड कोणीतरी आहे असं दिसलं की तो काहीतरी नवीन करून बघतो. पण तगडे स्पर्धक फार झाले की माणूस प्रयत्नच सोडतो. म्हणजे भाजीतल्या मिठासारखं आहे, थोडं हवंच, जास्त झालं की सगळी भाजी वाया. फक्त हे लक्षात ठेवा की ते लोक काम येणारे डिझायनर होते, शिकणारी पोरं नव्हती. ज्याला पोहता येतं त्याला शर्यतीत वेग येतो, ज्याला अजून हातपाय मारता येत नाहीत त्याला शर्यतीत ढकलून तो पोहायला शिकेल का?

आता मोठ्या, खऱ्या स्पर्धांकडे बघू, कारण पोरं उदाहरणं तीच देतात. रुपयाचं चिन्ह ₹ हे अशाच खुल्या स्पर्धेतून आलं. तीन हजारांच्या वर एन्ट्री होत्या, त्यातून पाच निवडल्या, आणि १५ जुलै २०१० ला डी. उदय कुमार यांचं चिन्ह जाहीर झालं, बक्षीस अडीच लाख. सगळ्यांना ते अडीच लाख आठवतात. पण ते आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तमिळ अक्षरांच्या रचनेवर पीएचडी करत होते, अक्षराची जाडी आणि वळण यांच्यात कित्येक वर्षं बुडालेला माणूस होता तो. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एका आकारात बसवायची नजर स्पर्धेने दिली नाही, ती आधी कमावलेली होती. तसंच २०१४ मध्ये स्वच्छ भारतचा गांधीजींच्या चष्म्याचा लोगो, तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा, तोही लोकांकडून मागवलेल्या एन्ट्रीतून निवडलेला. दोन काचा, एकीवर स्वच्छ, दुसरीवर भारत. बघायला किती सोपं वाटतं! इतकं सोपं सुचायला जाहिरातीच्या कामात हात किती मुरावा लागतो ते हे काम करणाऱ्यालाच विचारा.

आणि मला सगळ्यात आवडतं ते माया लिन यांचं उदाहरण. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक, जमिनीत उतरत जाणारी काळी भिंत आणि त्यावर नावं. १९८१ ची स्पर्धा, १४२१ एन्ट्री, आणि जिंकली येल विद्यापीठात शिकणारी २१ वर्षांची मुलगी. दोन गोष्टींमुळे हे होऊ शकलं. एक म्हणजे एन्ट्रीवर नाव नव्हतं, फक्त नंबर, त्यामुळे मोठमोठ्या आर्किटेक्टांच्या रांगेत ही कोण कुठली पोर असं कोणाला वाटायची सोयच नव्हती. दुसरं, तिची कल्पना तयार झाली वर्गातल्या एका असाइनमेंटमध्ये, त्या जागेला प्रत्यक्ष भेट देऊन. आधी वर्ग, मग स्पर्धा. हा क्रम महत्त्वाचा आहे.

हा क्रम उलटा केला की काय होतं त्याचा इतिहास पॅरिसमध्ये सापडतो. आपल्याकडच्या आर्किटेक्चर कॉलेजात ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे काम तपासून घेणं, म्हटलं की पोटात गोळा येतो, ती ज्युरीची पद्धत पॅरिसच्या एकोल दे बोझार या कला आणि आर्किटेक्चरच्या शाळेतून जगभर पसरली. तिथे सगळं शिक्षणच स्पर्धांवर चालायचं. विद्यार्थ्याला एका छोट्या खोलीत एकट्याला बसवायचे, विषय द्यायचे, काही तासांत कच्चा आराखडा काढून घ्यायचे आणि त्याची प्रत शाळेत जमा. मग काही आठवडे त्यावर मोठं, सुंदर, रंगवलेलं ड्रॉइंग करायचं, आणि अट काय, तर शेवटचं ड्रॉइंग पहिल्या आराखड्याशी जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर बाद. म्हणजे काम करता करता तुम्हाला काही नवीन कळलं, वाटलं की जिना या बाजूला बरा, तरी तो हलवायचा नाही. मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण शिकल्याबद्दलची शिक्षाच झाली ना ही. शेवटी ज्युरी बंद दाराआड बसायची, विद्यार्थी बाहेर. निकाल कळायचा, कारण कळायचंच असं नाही.

पण त्याच शाळेत एक चांगली गोष्टही होती. मुलं एकेका गुरूच्या स्टुडिओत काम करायची आणि नवी पोरं सीनियरच्या ड्रॉइंगला रात्र रात्र जागून मदत करायची, शाई भरायची, सावल्या रंगवायची. स्पर्धा बाहेरच्या स्टुडिओंशी, आत सगळे मिळून. आपल्याकडे आर्किटेक्चरच्या मुलांची नासा नावाची संघटना आहे, १९५७ पासूनची, तिच्या ट्रॉफ्यांसाठी देशभरातली कॉलेजं भिडतात. त्यात लुई कान ट्रॉफीसाठी जुन्या वास्तू मोजून नोंदवायच्या असतात. पहिल्या वर्षाची पोरं टेपचं टोक धरून जोत्यावर उन्हात उभी असतात, पाचव्या वर्षाचा दादा माप सांगतो, तिसऱ्या वर्षाची ताई लिहून घेते, मध्येच कोणीतरी विचारतं की ही तुळई इथेच का, आणि तिथल्या तिथे सगळ्यांना लाकडी बांधकाम समजतं. अशा स्पर्धेत आतल्या आत काही लपवायचं कारणच उरत नाही. मला विचाराल तर कॉलेजात स्पर्धा घ्यायचीच असेल तर ती अशी घ्यावी.

तुलना कोणाशी, हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, पॅड आणि पाण्याचा डबा घेऊन परक्या शाळेत जायचं. तिथे ए, बी, सी ग्रेड मिळते. शेजारणीला ए मिळाला म्हणून तुमचा ए जात नाही, त्यामुळे परीक्षेआधी आम्ही एकमेकींना घडीच्या कापडाच्या सावल्या शिकवायचो, माझ्या मैत्रिणीने मला पितळी तांब्याच्या कडेचा उजेड कसा कोरा सोडायचा ते शिकवलं होतं, अजून तसाच सोडते. पहिला, दुसरा, तिसरा असं ठरणार असतं तर तिने शिकवलं असतं का? कदाचित शिकवलंही असतं, चांगली मुलगी होती. पण आपण चांगुलपणाच्या भरवशावर वर्ग चालवू नये.

मग वर्गात मी काय करते ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर बरं. एक म्हणजे पहिल्या पिन-अपला प्रत्येकाने एक नाही, तीन पर्याय लावायचे, पेन्सिलमध्ये, रंग नाही, प्रिंट नाही. स्टॅनफर्डमध्ये २०१० च्या सुमारास झालेल्या एका प्रयोगात ज्यांनी वेबच्या जाहिरातीचे अनेक पर्याय एकदम करून त्यावर प्रतिक्रिया घेतल्या त्यांच्या जाहिराती एकामागून एक करणाऱ्यांपेक्षा चांगल्या चालल्या, आणि टीका त्यांना तितकी लागलीही नाही. कारण उघड आहे, एकच काम भिंतीवर असलं की त्यावरचं बोलणं म्हणजे माझ्यावरचं बोलणं, तीन असली की ते कामावरचं होतं. दुसरं, सबमिशनला अंतिम शीटबरोबर सगळी रफ पानं जोडायची आणि कोणाच्या सांगण्यावरून काय बदललं ते लिहायचं, त्याला मार्क आहेत. ज्याने सांगितलं त्यालाही मार्क आहेत. आणि बाहेरच्या स्पर्धेचं असाइनमेंट आलं तर पहिले तीन आठवडे ते फक्त असाइनमेंट असतं, एन्ट्री पाठवायची की नाही हे ज्याने त्याने शेवटी ठरवायचं. हे सगळं करायला वेळ जास्त लागतो हे मान्य आहे. चाळीस जणांचे तीन-तीन पर्याय म्हणजे एकशे वीस कागद, भिंत पुरत नाही, खिडक्यांच्या काचांवर पण चिकटवतो.

या वेळी मात्र बक्षिसाची घोषणा कंपनीवाल्यांनी ब्रीफ द्यायला आले तेव्हाच वर्गात करून टाकली, आणि पुढचं तुम्ही वर वाचलंतच.

तर त्या मुलीला मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता आहे तसं प्रिंट काढ आणि भिंतीवर लाव, बाकीच्यांनाही लावायला सांगितलं. तिने लेबलवर अर्धं कापलेला लालभडक रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, काढला होता, दोन दिवस त्याच्या चमकेवर घासत होती. तो चार्जरवाला मुलगा मालवणकडचा. भिंतीसमोर येऊन एक क्षण थांबला आणि म्हणाला, "अगं, हा रातांबा नाय वाटत, टोमॅटो वाटतोय." सगळे हसले, तीही हसली, जरा लाल झाली. मग त्याने तिच्याच पेन्सिलने प्रिंटच्या कोपऱ्यात काढून दाखवलं, की कापल्यावर साल जाड दिसते, आत पांढऱ्या गरात बिया अशा एकमेकींना चिकटून गोल बसलेल्या असतात, आणि रंग लाल नाही, जांभळट, हाताला लागला की जात नाही. ती म्हणाली, जात नाही म्हणजे? तो म्हणाला, बोटं रंगतात, आजी सोलं करायला बसली की दोन दिवस तिची बोटं तशीच.

आता लेबलवर फळ नाहीये. रंगलेल्या बोटांचे पाच ठसे आहेत.